मुलीसाठी पहिला कंपाउंड बो, ड्रॉ लेंथ २५च्या आसपास, बजेट एक लाख. काय घेऊ?

बोरिवलीची_आई:

नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. मुलगी १५ वर्षांची, यंदा दहावी (हो, माहितीये, त्यावरून घरात जे व्हायचं ते होऊन गेलंय, आता त्यावर सल्ले नकोत 😄). शाळेतून इंडियन राउंड खेळायची, लाकडी धनुष्य, साइट (नेम धरायचं साधन) नाही काही नाही, बोटांनी ओढायचं. आता सर म्हणतात हात स्थिर आहे हिचा, कंपाउंडला, म्हणजे चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याला टाका. क्लबचा एकच कंपाउंड आहे आणि त्याच्यावर चार पोरं मारतात, तो तिला मोठा होतो असं सरांचंच म्हणणं, म्हणजे शेवटी स्वतःचा घ्यावाच लागणार.

माझ्यासमोर सध्या तीन गोष्टी आहेत. एक, मिस्टरांच्या ओळखीत एकाकडे जुना बो आहे, हिरवा-तपकिरी पानापानांचं डिझाइन असलेला, ३५ हजारात ॲरोसकट देतोय, ६०-७० पाउंड (ओढायला लागणारा जोर) लिहिलंय, ड्रॉ (स्ट्रिंग किती मागे ओढायची ते) २७ ते ३१ इंच, आणि म्हणतो ३३० स्पीड आहे, असा बो तुम्हाला या पैशात मिळणार नाही. दोन, नवीन चायनीज टार्गेट बो, दिसायला लांबलचक, दुकानदार म्हणतो सगळे बिगिनर हाच घेतात. तीन, दुसरा दुकानदार म्हणतो एकदाच खर्च करा, अमेरिकन घ्या, नुसता बोच सव्वा-दीड लाखाच्या पुढे जातोय. आमचं बजेट सगळं मिळून एक लाख, त्यातले निम्मे तिचे काका देणारेत.

मुलगी ५ फूट ३ इंच, सडपातळ. बोरिवलीहून प्रॅक्टिसला लोकलने जाते, हेही लक्षात घ्या. मला यातलं काही कळत नाही, स्पीड महत्त्वाचा की लांबी की पाउंड, प्लीज सोप्या भाषेत सांगा.


कॅम_आणि_केबल:

ताई, आधी एक काम करा, बाकी सगळं बाजूला ठेवा. मुलीला भिंतीला टेकून उभं करा, दोन्ही हात आडवे पसरायला सांगा, ओढून ताणून नाही, सहज, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत टेपने मोजा. इंचात जो आकडा येईल त्याला २.५ ने भागा. ती तिची अंदाजे ड्रॉ लेंथ. अंदाजे म्हणतोय कारण खरी ड्रॉ लेंथ बो हातात देऊन अँकर (ओढलेला हात चेहऱ्याला जिथे टेकतो ती जागा) बघूनच ठरते, अर्धा इंच इकडे तिकडे होतंच.

हे आधी का, तर लाकडी धनुष्य किंवा रिकर्व्ह (ऑलिंपिकवालं, चाकं नसलेलं धनुष्य) तुम्ही पाहिजे तेवढं ओढू शकता, कंपाउंडचं तसं नाही. कंपाउंडला टोकांना कॅम, म्हणजे चाकं असतात, कॅम फिरून एका जागी थांबतो आणि तिथे भिंत लागल्यासारखं होतं, त्यालाच वॉल म्हणतात. ती भिंत कुठे लागणार हे बोच ठरवतो, मुलगी नाही. २७च्या बोवर २५ची मुलगी (उंचीवरून तिची तेवढीच येईल) म्हणजे मान मागे टाकून, खांदा वर चढवून, कोपर ताठ करून मारणार, स्ट्रिंग हाताला सपासप लागणार, आणि मग सगळे म्हणणार फॉर्म बिघडला. फॉर्म नाही बिघडलेला, बो चुकीचा आहे.

जुना बो डोक्यातून काढून टाका. २७च्या खाली तो येतच नाही. ६०-७० लिहिलंय म्हणजे लिंब (बोचे वाकणारे वरचे-खालचे भाग) धरणारे बोल्ट सैल करून साधारण ६०पर्यंतच उतरतो, त्याच्या खाली नेला तर बोल्ट धोकादायकरीत्या सैल होतात, आणि १५ वर्षांच्या मुलीला ६० पाउंड? शिवाय वर्ल्ड आर्चरीच्या (जागतिक तिरंदाजी संघटनेच्या) टार्गेटच्या नियमात कंपाउंडला जास्तीत जास्त ६० पाउंडच चालतं, त्यामुळे त्या बोची ६०च्या वरची सगळी रेंज स्पर्धेत वापरताच येणार नाही. आणि ते पानापानांचं डिझाइन म्हणजे कॅमो, शिकारीचा बो आहे तो, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कॅमो रंगाचं साहित्य चालत नाही. इथल्या लोकल स्पर्धेत कुणी काही बोलणार नाही कदाचित, पण आजचा विचार करून घेणार आहात का?

३३० स्पीडबद्दल. बोवर जो स्पीड छापतात तो ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेन वजनाचा हलका ॲरो धरून मोजलेला असतो. ड्रॉ एक इंच कमी झाला की ढोबळमानाने दहाएक फूट प्रति सेकंद जातात, पाउंड कमी केले की अजून जातात. तुमच्या मुलीच्या हातात तो ३३०चा बो ३३०च्या जवळपासही जाणार नाही. आणि टार्गेटला ५० मीटरच मारायचंय, अंतर ठरलेलं असतं, साइटवर मार्क लावायचा आणि मारायचं, स्पीडचा तेवढा उपयोगच नाही. उलट स्पीडवाले कॅम ओढायला कडक असतात, ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) कमी असते, थोडा हात हलला की लगेच शिक्षा. सात इंचाच्या आसपास ब्रेस हाइट बघा.


रिकर्व्हवाला_काका:

वरचं सगळं बरोबर आहे पण मला एक कळत नाही, एवढी चांगली मुलगी कंपाउंडला का घालवताय? इंडियन राउंडमधून आलेल्या पोरांची बोटं तयार असतात, ती रिकर्व्हला सोनं होतात. रिकर्व्ह १९७२च्या म्युनिकपासून सलग ऑलिंपिकला आहे. आणि तुमचा लोकलचा प्रश्नही सुटतो, रायझर (मधला दांडा) वेगळा, लिंब वेगळे, पाठीवरच्या बॅगेत सगळं मावतं. पोर वाढली, ताकद वाढली की फक्त लिंब बदला. कंपाउंडला मशीनच मारतंय असं मला तरी वाटतं. राग नसावा.


दहाला_दहा:

काका राग नाही पण मशीनच मारत असेल तर या एकदा मैदानावर 😄 तुमचा ७० मीटरचा दहा १२.२ सेंटिमीटरचा, आमचा ५० मीटरचा दहा ८ सेंटिमीटरचा, आणि आमच्यात एक नऊ लागला की मॅच गेली असं असतं. २०२३ला बर्लिनला ओजस देवतळेने फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले तेव्हा समोरच्याने १४९ मारले होते, एका पॉइंटवर वर्ल्ड चॅम्पियनशिप. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्यानंतर हांगझोच्या एशियन गेम्सला कंपाउंडची पाचच्या पाच गोल्ड भारताची. नागपूर, सातारा, बुलढाणा, आपल्याकडची पोरं आहेत ही, त्यामुळे महाराष्ट्रात सध्या कंपाउंडची हवा आहेच. आणि ऑलिंपिकचं म्हणाल तर २०२८ला लॉस एंजेलिसला कंपाउंड मिक्स टीम येतेय. फक्त मिक्स टीम, वैयक्तिक नाही, ते मान्य.

ताई, मी कॉलेजात आहे आणि माझी ड्रॉ लेंथ २५.५ आहे म्हणून लिहितेय, कारण या मापाच्या मुलींना दुकानात कुणी नीट सांगत नाही. दुकानदार काय करतात, टार्गेट म्हणजे लांब बो, म्हणून ३८-४० इंच ॲक्सल-टू-ॲक्सलचा (वरच्या कॅमपासून खालच्या कॅमपर्यंतची लांबी) पुढे करतात. लांब बो स्थिर असतो हे खरंय. पण तो सल्ला मूळचा उंच पुरुषांचा, २९-३० इंच ओढणाऱ्यांचा. ते एवढं मागे ओढतात की छोट्या बोवर स्ट्रिंगचा कोन खूप तीव्र होतो, मग नाकाला स्ट्रिंग लागत नाही, पीपमधलं (स्ट्रिंगमधल्या बघायच्या छोट्या भोकातलं) गोल अंडाकृती दिसतं. आपण २५च ओढतो, आपल्याला ३४-३६चा बो घेतला तरी कोन छान राहतो. आणि वजन! नुसता रिकामा बो दोन किलोच्या आसपास, त्याला साइट, स्कोप (साइटवरचं भिंग), लाँग रॉड, साइड रॉड (तोल सांभाळायच्या दांड्या), वजनं लावली की तीन किलो आरामात पार, आणि ते एका हातात खांद्यासमोर धरून दिवसात ७२ ॲरो. शेवटच्या दोन एंडला (फेऱ्यांना) हात खाली यायला लागतो, स्कोअर तिथे जातो, अंतराने नाही.

लोकलमध्ये ३८चा बो म्हणजे एक मीटरच्या वरची हार्ड केस. कंपाउंड सुटा करता येत नाही रोज रोज. विरार फास्टला संध्याकाळी ती केस घेऊन चढून दाखवा कुणीतरी. मी ३५चा वापरते, सॉफ्ट केसमध्ये पाठीवर येतो, तरी पण लेडीज डब्यात दाराजवळ उभं राहून शिव्या खाव्याच लागतात, आणि स्टेशनवर बॅग तपासायला थांबवतात म्हणून क्लबचं आयकार्ड बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं. सकाळी लवकर निघाली तर काही त्रास नाही.


कॅम_आणि_केबल:

+१, स्ट्रिंगच्या कोनाचा मुद्दा मी लिहायला हवा होता, २५ला ३४-३६ अगदी योग्य. फक्त एक, छोट्या बोमध्ये शिकारीचे आणि टार्गेटचे दोन्ही येतात, ३० इंच वगैरेचे एकदम आखूड टाळा. ३३च्या वरच राहा.


बोरिवलीची_आई:

बापरे, एवढं सगळं. खूप खूप आभार सगळ्यांचे. काका तुमचंही, पण तिने कंपाउंड धरूनच ठेवलंय, माझं ऐकत नाही तर तुमचं कुठून ऐकणार.

मोजलं. १६१ सेंटिमीटर आलं, म्हणजे ६३.४ इंच, भागिले २.५ केलं तर २५.४ येतंय. टायटल बदललं त्याप्रमाणे. जुन्या बोवाल्याला नको म्हणून कळवलं, तो म्हणतो पोरगी वाढेल की. आता दोन प्रश्न. एक, वाढेल हे खरंच आहे ना, मग मी २५चा घेतला आणि पुढच्या वर्षी २६ लागला तर? दोन, चायनीज घेतला तर लाज वाटण्यासारखं काही आहे का, तिच्या क्लबमधली मोठी मुलं ब्रँडवरून बोलतात म्हणे.


कॅम_आणि_केबल:

वाढेल पण किती? १५ वर्षांच्या मुलीची उंची साधारण झालेलीच असते, वाढलीच तर थोडी. मुलगा असता तर वेगळं सांगितलं असतं. आणि ड्रॉ बदलायची सोय असते. हल्लीच्या बऱ्याच बोंना मॉड्यूल असतात, कॅमवरचा छोटा तुकडा, तो स्क्रू काढून फिरवला किंवा बदलला की अर्ध्या-अर्ध्या इंचाने ड्रॉ बदलतो, काहींना त्यासाठी प्रेससुद्धा (बो दाबून धरायचं यंत्र) लागत नाही. तुम्ही बघायचं एवढंच की त्या बोच्या रेंजमध्ये २५ कुठे बसतो. २४.५ ते २७-२८ अशी रेंज असेल तर उत्तम, म्हणजे आज बसतो आणि वरही जागा आहे. रेंजच २६पासून सुरू होत असेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी नको. एकाच मॉडेलला दोन-तीन मापांचे कॅम येतात हे लक्षात ठेवा, मॉडेलचं नाव सांगून ऑर्डर देऊ नका, कॅमचा नंबर आणि पाउंडची रेंज बिलावर लिहून घ्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण डबा उघडल्यावर ५०-६०चे लिंब निघाले तर बाहेरच्या देशातून आलेला माल कोण परत घेणार.

पाउंड: ३० ते ४० किंवा ३५-४५ अशा लिंबांचा घ्या. सुरुवात ३०-३२ला, मग हळूहळू. लाकडी धनुष्य खेचणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी कंपाउंड एकदम हलका वाटतो कारण पूर्ण ओढल्यावर लेट-ऑफ असतो. म्हणजे असं, ४० पाउंडचा बो, ७५ टक्के लेट-ऑफ, तर शेवटी हातात १० पाउंडच. त्यामुळे पोरं फुशारकीने पाउंड चढवतात. पण मधला डोंगर पूर्ण ४०चाच असतो ना. बसून, बो समोर सरळ टार्गेटकडे धरून, आभाळाकडे न उचलता ओढता आला पाहिजे. आकाशाकडे बो करून झटका मारून ओढावा लागतोय म्हणजे पाउंड जास्त आहे, लगेच उतरवा.

लेट-ऑफ ८०-८५ टक्के असतो तो छान वाटतो शिकताना, पण फार जास्त असला तर हात सैल पडतो आणि वॉलवरचा दाब सुटतो. टार्गेटवाले बरेच जण ६५ ते ७५ मध्ये येतात. सुरुवातीला ७५-८० ठीक.


मुलुंडचा_बाबा:

मी तुमच्याच बोटीत आहे ताई, मुलगा खेळतो. ब्रँडचं सांगतो. हॉइट, मॅथ्यूज, पीएसई हे सगळे भारीच आहेत, पण त्यांचे वरचे टार्गेट बो तिकडेच दीड हजार डॉलरच्या पुढे असतात, त्यावर इथे येईपर्यंत वाहतूक, ड्युटी, दुकानदाराचा हिस्सा. चायनीजमध्ये सानलिडासारख्या कंपन्या आता नीट टार्गेटचे बो काढतायत, लाज कसली, ॲरोला थोडंच माहिती असतं. क्लबमधल्या मोठ्या पोरांना सांगा स्कोअर बोला.

पण एक लाखात सगळं बसवायचं असेल तर गणित समजून घ्या, कारण नवीन आईबाप सगळे पैसे बोवर घालतात. निम्मे बोसाठी. उरलेल्या निम्म्यात साइट आणि स्कोप, रेस्ट (ॲरो टेकवायचा आधार), पीप, स्टॅबिलायझर (त्या तोल सांभाळायच्या दांड्या), रिलीज (स्ट्रिंग सोडायचं साधन), ॲरो, क्विव्हर (भाता), केस. लिस्ट ऐकून चक्कर येते ना. यात कुठे काटकसर करायची तर स्टॅबिलायझर. साधा लाँग रॉड पुरे सुरुवातीला, महाग कार्बनचे सेट सगळे शो. क्विव्हर शंभर जागी स्वस्त मिळतो. साइटवर काटकसर नको, सैल साइट प्रत्येक शॉटला केसभर सरकते आणि तुम्ही मुलीला ओरडत बसता. स्कोपची लेन्स सुरुवातीला कमी पॉवरची, जास्त मोठं दिसलं की स्वतःच्या हाताची थरथरही मोठी दिसते आणि पोरगी घाबरते.

ॲरो! ३५ हजारात ॲरोसकट देतो म्हणाला ना तो, ते ॲरो तिच्या काहीच कामाचे नव्हते. ॲरोचा स्पाइन असतो, म्हणजे किती वाकतो तो आकडा. २८ इंचाच्या आधारावर ठेवून मधोमध साधारण ८८० ग्रॅमचं वजन लावायचं, अर्धा इंच वाकला तर तो ५००चा. आकडा मोठा तितका ॲरो मऊ. ३५ पाउंड आणि २५ ड्रॉच्या मुलीला मऊ ॲरो लागतो, त्या ६०-७० पाउंडवाल्याचे ३४०-४०० तिच्या बोमधून सरळ जाणारच नाहीत. चार्ट बघून, पाउंड ठरल्यावरच घ्या, डझनभर एकाच लॉटचे, आणि थोडे लांब ठेवून घ्या म्हणजे पाउंड वाढल्यावर कापता येतात. उलट पाउंड वाढवताना लांब ॲरो अजून मऊ पडतो, तेव्हाच कापायचा. आणि सर्वात हलका ॲरो नको, कंपन्या पाउंडमागे किमान पाच ग्रेन वजन सांगतात, त्याच्या खाली गेलात तर ॲरो न लावता रिकामा बो सोडल्यासारखंच होतं.

अजून एक, डोळा तपासलात का? हाताने उजवी पण डोळा डावा प्रबळ अशी मुलं बरीच असतात. दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये छोटं भोक करा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचं घड्याळ बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहतं तो प्रबळ. बो घेतल्यावर कळलं तर उजव्याचा डावा करता येत नाही, पूर्ण बोच बदलायचा.


दहाला_दहा:

इंडियन राउंड खेळलीये म्हणजे सरांनी डोळा बघितला असणार, पण विचारून घ्या, तिकडे साइट नसल्यामुळे चालून जातं कधीकधी.


नवीन_खेळाडू_ठाणे:

थ्रेड हायजॅक करतोय सॉरी, पण सेकंड हँड टार्गेट बो मिळाला तर काय बघायचं? मला एक ५०-६०चा मिळतोय, माझी ड्रॉ २८.


कॅम_आणि_केबल:

वेगळा धागा काढायला हवा होता, पण ताईंनाही उपयोगी पडेल म्हणून इथेच.

कापसाचा बोळा घ्या आणि लिंबच्या कडांवरून, वरून खालून हळू फिरवा. कापसाचे तंतू अडकले की तिथे चीर आहे, डोळ्याला दिसत नसली तरी. लिंब चिरला तर बो घेऊ नका, स्वस्त असला तरी. मग कॅम बाजूने बघा, वाकडा झुकलेला नको, ॲक्सल वाकलेला नको. स्ट्रिंग आणि केबल, त्यावर जो दोरा गुंडाळलेला असतो ती सर्व्हिंग सुटलेली, फिरलेली, केसाळ झालेली असेल तर नवीन सेटचे पैसे किमतीतून वजा करा. नियमित मारणाऱ्याची स्ट्रिंग वर्ष-दोन वर्षांत बदलावीच लागते. आणि विचारा, ड्राय फायर झालाय का, म्हणजे ॲरो न लावता सोडला गेलाय का. ते झालं की सगळी ताकद ॲरोत न जाता लिंब आणि कॅममध्ये जाते, बाहेरून ठीक दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. माणूस प्रामाणिक असेल तर सांगेल. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची पहिल्या मालकालाच असते, ती तुम्हाला नाहीच.

आणि नवीन असो जुना असो, बो प्रेस कुणाकडे आहे हे आधी शोधा. कंपाउंडची स्ट्रिंग रिकर्व्हसारखी हाताने उतरत नाही, प्रेसमध्ये दाबूनच काढायची. पीप फिरलं, कॅमचं टायमिंग (दोन्ही कॅम एकाच वेळी फिरणं) गेलं, डी-लूपचं (रिलीज अडकवायच्या स्ट्रिंगवरच्या छोट्या दोरीचं) ठीक पण बाकी प्रत्येक कामाला प्रेस. माझ्या मते दोन सारख्या बोंमध्ये अडलात तर जो दुकानदार तुमच्यासमोर प्रेसवर चढवून टायमिंग दाखवतो त्याच्याकडून घ्या, पाच हजार जास्त पडले तरी. ऑनलाइन स्वस्त मिळतो पण मग डबा घेऊन मुंबईभर फिरत बसायचं. काही जण पाना-बोल्टने घरीच उघडायला जातात, चुकूनही नको, लिंब सुटून तोंडावर आले तर डोळा जातो.


रिकर्व्हवाला_काका:

हे बघा, आम्हाला प्रेस लागत नाही. असो. 🙂 एक कामाचं सांगतो, आमच्या मैदानावर एकाचा कंपाउंड मे महिन्यात गाडीच्या डिकीत दिवसभर राहिला, संध्याकाळी काढला तर स्ट्रिंग ताणून गेलेली, पीप आडवं. मुंबईत उन्हात बंद गाडीत बो ठेवू नका. आणि पावसाळ्यात खारी दमट हवा, स्क्रूंना गंज धरतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, भिजला तर घरी आल्या आल्या पुसा, स्ट्रिंगला मेण लावा, सर्व्हिंगवर नको. हे रिकर्व्हलाही लागू आहे म्हणून सांगू शकतो.


बोरिवलीची_आई:

सगळ्यांना धन्यवाद, काका तुम्हालाही खास. डोळा तपासला, उजवाच आहे, हुश्श. काल दुकानात जाऊन आले. चायनीजमध्येच ३५ इंचाचा, ड्रॉ २४ ते २८, पाउंड ३० ते ४०, असा मॉडेल निघाला, तो लांबवाला नाही, दुसरा. दुकानदाराने आधी म्हटलं हा तर लहान मुलांचा, मग मी ड्रॉ लेंथचं बोलले तर गप्प बसला. प्रेस त्याच्याकडे आहे, समोर चढवून दाखवणार म्हणाला. बाकी मुलुंडच्या बाबांच्या लिस्टप्रमाणे.

आता शेवटचं. रिलीज कोणता? तो मनगटाला पट्टा असलेला, की हातात धरायचा? आणि मैदान आठवड्यातून तीनच दिवस मिळतं, दहावीमुळे तेवढंच जमणार, तर घरी किंवा सोसायटीच्या गच्चीवर काही करता येईल का? आमची गच्ची मोठी आहे.


दहाला_दहा:

गच्ची नाही ताई, प्लीज. बट (टार्गेट लावायचा ठोकळा) चुकला तर ॲरो कठड्यावरून पलीकडे कुठे जाईल सांगता येत नाही, खाली रस्ता आहे, सेक्रेटरी नंतर, आधी कुणाला लागलं तर? नेट लावली तरी नको.

रिलीजबद्दल माझं मत, मनगटाचा ट्रिगरवाला सोपा वाटतो पण बोटाने टचकन दाबायची सवय लागते, आणि एकदा लागली की साइट दहावर आली रे आली की बोट आपोआप जातं, मग ते सोडवायला वर्ष जातं. तिची बोटं आधीच ओढायला तयार आहेत तर तिला हातात धरायचा थंब रिलीज द्या, ट्रिगर जरा कडक लावून, अंगठा फक्त टेकवायचा आणि पाठीचे स्नायू ओढत राहायचे. ओढताना अंगठा ट्रिगरच्या मागे, वॉलला पोहोचल्यावरच पुढे आणायचा, नाहीतर मध्येच सुटला तर हात थेट तोंडावर येतो, दात गेलेले बघितलेत. आणि शॉट नाही जमला तर बो उतरवायला शिकवा पहिल्याच दिवशी. कंपाउंड उतरवताना व्हॅलीतून (लेट-ऑफच्या हलक्या टप्प्यातून) बाहेर आला की एकदम पुढे खेचतो, मोठ्या मुलींचेही खांदे हलतात.

घरी प्रॅक्टिस म्हणजे तिच्या ड्रॉ लेंथएवढा मजबूत दोरीचा लूप करा. दोरी बो धरायच्या हाताच्या अंगठ्याभोवती नाही, तळव्यात ग्रिपसारखी घ्यायची, दुसऱ्या टोकाला रिलीज अडकवायचा, अँकरला यायचं, आरशासमोर, आणि पाठीने ओढत रिलीज आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. सुटला की दोरीच उडते, कुणाला काही होत नाही, टीव्ही पण वाचतो. अभ्यासाच्या मध्ये मध्ये उठून पंधरा-वीस वेळा करायचं. खरा बो घरात ओढायला देऊ नका, पाहुणे आले की प्रत्येक काका-मामाला ओढून बघायचा असतो आणि सोडतात नेमका रिकामा.


मुलुंडचा_बाबा:

काका-मामावाला मुद्दा फ्रेम करून लावा 😂 आमच्याकडे केसला नंबरचं कुलूप आहे, आणि नंबर मलाही माहीत नाही, पोराने ठेवलाय. बाय द वे ताई, बिलावर बोचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला लागतो, आणि पहिल्या महिनाभराने एकदा पुन्हा दुकानात न्या, नवीन स्ट्रिंग सुरुवातीला ताणते, पीप आणि टायमिंग परत सेट करावं लागतं, ते फुकट करून देणार का हे आत्ताच, पैसे देण्याआधी विचारा.